पुपिन कॉइल: लांबचा फोन ऐकू यायला लागला तो कसा?

माझी आजी वेल्ह्याच्या खोऱ्यातली. पुण्यातून फोन केला की ती आजही ओरडूनच बोलते. "बाळा, येतंय का ऐकू?" असं इतक्या मोठ्याने विचारते की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो. आम्ही हसतो. पण तिची सवय उगाच नाही. तिच्या तरुणपणी मुंबईला गिरणीत असलेल्या भावाशी बोलायचं तर भोरला जाऊन ट्रंक कॉल बुक करावा लागायचा. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर. तासन् तास थांबायचं, आणि लाइन लागली की आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. मग माणूस ओरडणारच.

गंमत अशी की ओरडून अंतर कापता येत नाही, हे टेलिफोनच्या इंजिनिअरांना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच कळून चुकलं होतं. त्यावर चाललेला उपाय ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो माणूस खिशात पाच सेंट घेऊन अमेरिकेत उतरलेला, मूळचा गुरं राखणारा पोरगा होता. त्याचं नाव मायकेल पुपिन. या लेखात त्याची कॉइल नेमकं काय करते, ती खरंच त्याची होती का, आणि तुमच्या हातातल्या फोनशी तिचा काय संबंध, हे बघू.

थोडक्यात

- काय: टेलिफोनच्या तारेत ठरावीक अंतरावर बसवलेली कॉइल. तिला लोडिंग कॉइल किंवा पुपिन कॉइल म्हणतात.
- कशासाठी: लांब तारेत आवाज कमी क्षीण व्हावा आणि त्याचा गचका होऊ नये म्हणून.
- पेटंट: पुपिन यांचा अर्ज डिसेंबर १८९९, मंजुरी १९ जून १९००.
- आज: तांब्याच्या जुन्या केबलींमधून बहुतेक ठिकाणी काढून टाकलेली. पण तिच्या काळातली काही मापं अजून चालू आहेत.

अडचण नेमकी काय होती?

ग्रॅहम बेलचं टेलिफोनचं पेटंट १८७६ सालचं. सहाच वर्षांत, १८८२ मध्ये, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत एक्स्चेंज सुरू झाली. गावातल्या गावात फोन झकास चालायचा. पण अंतर वाढलं की दोन गोष्टी बिघडायच्या.

पहिली, आवाज लहान व्हायचा. शेताच्या पाटाचं पाणी जसं वाटेतच मुरतं आणि शेवटच्या वाफ्याला जेमतेम पोचतं, तसंच तारेतल्या सिग्नलचं होतं. तांब्याला रोध असतो, म्हणजे रेझिस्टन्स. तार तापते आणि सिग्नलची शक्ती त्या उष्णतेत जाते.

दुसरी अडचण जास्त चिवट होती. केबलमध्ये दोन तारा अगदी शेजारी असतात, मध्ये कागदाचं पातळ वेष्टण. अशा दोन तारा मिळून एक लांबलचक कपॅसिटर तयार होतो. आवाजातला जाड, खर्जातला भाग त्यातून बऱ्यापैकी पार होतो, पण बारीक, वरच्या पट्टीतला भाग वाटेतच गळतो. आता 'स', 'श', 'फ', 'ख' ही अक्षरं ओळखू येतात ती याच बारीक भागामुळे. म्हणजे समोरचा माणूस बोलतोय हे कळायचं, काय बोलतोय ते कळायचं नाही.

यावर ओरडण्याचा उपयोग का नाही? कारण गळती टक्केवारीत होते. तुम्ही दुप्पट मोठ्याने बोललात तरी बारीक आणि जाड आवाजातला फरक तेवढाच राहतो. गचका मोठा होतो, एवढंच.

तारा जाड करणं हा एक उपाय होता. पण तांबं महाग, आणि शेकडो किलोमीटर जाड तार टाकायची म्हणजे खर्चाला अंतच नाही.

पुपिन कोण?

मिहायलो पुपिन सर्बियन. गाव इद्वोर. तेव्हा ते ऑस्ट्रियन साम्राज्यात होतं, आज सर्बियात आहे. जन्मसाल कुठे १८५४ तर कुठे १८५८ दिलेलं आढळतं. आईला लिहितावाचता येत नव्हतं, पण पोराने शिकावं हा तिचाच हट्ट.

लहानपणची एक गोष्ट त्यांनी आत्मचरित्रात सांगितली आहे. गावातली पोरं रात्री बैल राखायला जायची. चोरांना कळू न देता एकमेकांना इशारा द्यायची त्यांची एक युक्ती होती. लाकडी मुठीचा सुरा जमिनीत खुपसायचा आणि मुठीवर ठोकायचं. लांबचा पोरगा जमिनीला कान लावून तो आवाज ऐकायचा. कुरणाच्या घट्ट जमिनीतून आवाज लांब जायचा, शेजारच्या नांगरलेल्या मऊ रानातून जायचा नाही. आपल्याकडे रायरेश्वराच्या पठारावर किंवा तोरण्याच्या पायथ्याला गुरं राखणाऱ्या कुणालाही ही गोष्ट परकी वाटणार नाही. पण त्यातला प्रश्न बघा: आवाज तोच, ठोका तोच, मग एका वाटेने लांब जातो आणि दुसरीने का जात नाही? पुपिन पुढे आयुष्यभर याच प्रश्नाच्या आसपास काम करत राहिले.

१८७४ मध्ये घड्याळ, पुस्तकं, कपडे विकून त्यांनी बोटीचं तिकीट काढलं आणि एकटेच न्यूयॉर्कला उतरले. खिशात पाच सेंट. त्यांचा त्यांनी आलुबुखाऱ्याचा पाय घेतला, तर आत नुसत्या बिया. अमेरिकेतली पहिली खरेदी ही अशी. मग शेतावर मजुरी, बिस्किटांच्या कारखान्यात काम आणि फावल्या वेळात अभ्यास. १८७९ मध्ये कोलंबिया कॉलेजात प्रवेश, १८८३ मध्ये पदवी आणि त्याच वर्षी अमेरिकेचं नागरिकत्व. पुढे केंब्रिज आणि मग बर्लिनला हेल्महोल्ट्झ यांच्याकडे डॉक्टरेट, साल १८८९. परत येऊन कोलंबियातच शिकवायला लागले.

युक्ती काय होती?

एक प्रयोग घरीच करून बघा. शिवणाचा लांब दोरा एका टोकाला खिळ्याला बांधा आणि दुसरं टोक हाताने वरखाली हलवा. लाट दोन-चार फुटांत विरते. आता तसंच विहिरीच्या जाड दोराला करा. लाट दुसऱ्या टोकापर्यंत जाते. दोर जड आहे, त्यामुळे हवेचा अडथळा त्याच्यापुढे फिका पडतो.

तारेच्या बाबतीत हे 'जडपण' म्हणजे इंडक्टन्स. तार गुंडाळून कॉइल केली की करंटमधल्या बदलाला ती विरोध करते, जसं जड वस्तू वेग बदलायला विरोध करते. तारेचं इंडक्टन्स वाढवलं की तेवढीच शक्ती जास्त व्होल्टेज आणि कमी करंटने पुढे जाते. उष्णतेत जाणारी शक्ती करंटच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणजे करंट निम्मा केला तर नासाडी चौथाईवर येते. डोंगरातून हाय टेन्शनची लाइन का नेतात? नेमकं याच कारणासाठी. पुपिन कॉइल म्हणजे बोलण्यासाठी केलेली एक प्रकारची हाय टेन्शन लाइनच.

दुसरा फायदा असा की एका मर्यादेपर्यंत जाड आणि बारीक आवाज जवळजवळ सारखेच क्षीण होतात. म्हणजे आवाज थोडा लहान होतो, पण त्याचा चेहरा बदलत नाही.

पण सगळी तारच जड करायची कशी? इथे पुपिन यांचं गणित आलं. संपूर्ण दोर जड नसला तरी चालेल. हलक्या दोऱ्यात ठरावीक अंतरावर मणी ओवले तरी तो जड दोरासारखा वागतो. मण्यांच्या माळेचं हे गणित फ्रेंच गणिती लाग्रांज यांनी अठराव्या शतकात मांडलं होतं. पुपिन यांनी ते तारेला लावलं. अट एकच: मणी लाटेच्या लांबीच्या मानाने जवळजवळ हवेत. अंतर जास्त झालं तर लाट प्रत्येक मण्यावर आपटून मागे फिरते आणि फायद्याऐवजी तोटा होतो. याआधी तारेत कॉइल बसवून बघणाऱ्यांचे प्रयोग फसायचे ते बऱ्याचदा यामुळेच. कॉइल किती मोठी आणि किती अंतरावर, हे दोन आकडे म्हणजे सगळा शोध.

पुणे ते भोर: एक हिशोब

पुढे जगभर रूढ झालेलं एक माप सांगतो. ८८ मिलिहेन्रीची एक कॉइल दर ६,००० फुटांवर, म्हणजे १.८३ किलोमीटरवर.

समजा पुण्याहून भोरपर्यंत ५० किलोमीटरची तांब्याची केबल टाकली. ५० भागिले १.८३, म्हणजे वाटेत २७ कॉइली. आता साधारण एक मिलिमीटरला थोडी कमी जाडीची तार धरू आणि आकडे ढोबळ घेऊ.

- कॉइल नसताना: दर किलोमीटरला सुमारे ०.६ डेसिबल गळती. एकूण ३० डेसिबल. म्हणजे भोरला शक्तीचा हजारावा भाग पोचला.
- कॉइल असताना: दर किलोमीटरला सुमारे ०.२६ डेसिबल. एकूण १३ डेसिबल. म्हणजे विसावा भाग पोचला.

हजारावा आणि विसावा! तीच तार, तोच माणूस, तोच आवाज. मध्ये फक्त २७ कॉइली, आणि त्यांना वेगळी वीज लागत नाही. लोखंडी गाभ्याच्या गोल कड्यावर तांब्याची तार गुंडाळायची, ती डब्यात बंद करायची आणि खांबावर टांगायची किंवा मॅनहोलमध्ये ठेवायची. झालं.

फुकट मात्र काही मिळत नाही. अशा केबलमध्ये लाट सावकाश चालते, सेकंदाला सुमारे २०,००० किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा पंधरावा भाग. फार लांबच्या लाइनवर त्यामुळे स्वतःचाच आवाज प्रतिध्वनीसारखा परत यायचा. आणि साधारण ३,५०० हर्ट्झच्या वर ही केबल एकदम बंद पडते, कारण तिथून पुढे लाटा इतक्या आखूड होतात की मणी अपुरे पडतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शोध खरंच पुपिन यांचा?

इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी 'पुपिन यांनी लांब पल्ल्याचा टेलिफोन शोधला' असं सरसकट लिहिलेलं असतं. ते बरोबर नाही. यात निदान तीन माणसं आहेत.

ऑलिव्हर हेव्हिसाइड हे इंग्लंडमधले एक माजी तारबाबू, कॉलेजचं तोंडही न बघितलेले. तारेचं इंडक्टन्स वाढवलं तर आवाज बिघडणार नाही, हे त्यांनी १८८७ मध्येच गणिताने दाखवलं होतं. पण ब्रिटिश टपाल खात्याचे तेव्हाचे मोठे इंजिनिअर विल्यम प्रीस यांचं मत नेमकं उलट होतं: इंडक्टन्स घातकच. पदाच्या वजनापुढे गणित मागे पडलं. हेव्हिसाइड यांनी यावर पेटंट घेतलं नाही.

जॉर्ज कॅम्पबेल हे अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीतले, म्हणजे पुढे एटी अँड टी म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेतले इंजिनिअर. १८९९ मध्ये त्यांनीही स्वतंत्रपणे हेच गणित सोडवलं होतं आणि कंपनीत त्याच्या चाचण्याही घेतल्या होत्या. पेटंट कार्यालयात त्यांचं आणि पुपिन यांचं प्रकरण काही वर्षं चाललं. निकाल पुपिन यांच्या बाजूने लागला.

कंपनीने मात्र निकालाची वाट बघितली नाही. आपल्याच इंजिनिअरचा दावा हातात असूनही तिने पुपिन यांचे हक्क विकत घेतले: सुरुवातीला १,८५,००० डॉलर आणि मग पेटंटची मुदत असेपर्यंत दरवर्षी १५,००० डॉलर. दोन्ही दावे एकाच खिशात असले की कुणीही जिंकलं तरी चालतं, असा सरळ व्यवहार. पुपिन श्रीमंत झाले आणि युरोपात या पद्धतीला 'पुपिनायझेशन' असंच नाव पडलं. कॅम्पबेल यांचं नाव फक्त इंजिनिअरांना माहीत राहिलं.

मी रोज सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हे सगळं ओळखीचं वाटतं. मूळ कल्पना एकाची, चालणारा कोड दुसऱ्याचा आणि नाव आधी नोंदवणाऱ्याचं. पुपिन यांचं काम त्यामुळे खोटं ठरत नाही. कॉइलमधलं अंतर कसं काढायचं याचं गणित त्यांनी स्वतः, पूर्ण आणि छापून मांडलं. पण 'एकट्याने शोधलं' हे वाक्य कुठे दिसलं तर थोडं थांबा.

कॉइलच्या पुढे

कॉइल गळती कमी करते, गेलेली शक्ती परत देत नाही. त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर लागतो. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को ही अख्खा देश ओलांडणारी टेलिफोन लाइन सुरू झाली, तेव्हा तिच्यात कॉइलीही होत्या आणि व्हॅक्यूम ट्यूबचे अ‍ॅम्प्लिफायरही. नंतर अ‍ॅम्प्लिफायर सुधारत गेले तशा लांबच्या लाइनींतून कॉइली कमी झाल्या. शहरातल्या शहरात, दोन एक्स्चेंजना जोडणाऱ्या केबलींमध्ये त्या बरीच दशकं टिकल्या.

१९६२ मध्ये अमेरिकेत आवाज डिजिटल करून तांब्यावरून पाठवायला सुरुवात झाली. त्यासाठी वाटेत सिग्नल ताजा करणारी यंत्रं बसवायची होती. ती किती अंतरावर बसवली असतील? ६,००० फुटांवर. कारण कॉइलींचे मॅनहोल आधीच तिथे खोदलेले होते! कॉइल काढली आणि त्याच खड्ड्यात नवं यंत्र ठेवलं.

मग डीएसएल ब्रॉडबँड आलं, तेव्हा हीच कॉइल खलनायक ठरली. ब्रॉडबँडचा सिग्नल दहा लाख हर्ट्झच्याही वर जातो आणि कॉइलची केबल ३,५०० लाच बंद. त्यामुळे ज्या लाइनवर कॉइल असेल ती शोधून काढल्याशिवाय तिथे इंटरनेट चालत नाही. एका काळाचा उपाय दुसऱ्या काळाचा अडथळा होतो, तो असा.

तुमच्या फोनमध्ये पुपिन कुठे आहे?

साध्या फोन कॉलचा आवाज ३०० ते ३,४०० हर्ट्झ इतकाच असतो, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. ही हद्द एकट्या कॉइलमुळे ठरली असं नाही, पण कॉइलवाल्या केबली साधारण तिथेच संपायच्या, आणि पुढच्या सगळ्या यंत्रणा त्याच हद्दीच्या हिशोबाने बांधल्या गेल्या. त्यावरूनच डिजिटल टेलिफोनसाठी सेकंदाला ८,००० नमुने आणि प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४,००० बिट हे माप आलं. तारा गेल्या, मोबाइल आला, तरी टूजीच्या कॉलचा आवाज त्याच चौकटीत राहिला.

म्हणूनच फोनवर स्पेलिंग सांगताना आपण 'एस फॉर सातारा' म्हणतो. इंग्रजी 'एस' आणि 'एफ' मधला फरक बराचसा ३,४०० हर्ट्झच्या वर असतो. तो पलीकडे पोचतच नाही.

व्होल्टीईवर, म्हणजे फोरजीवरून जाणाऱ्या कॉलवर, हा आवाज साधारण ५० ते ७,००० हर्ट्झपर्यंत जातो. कॉल चालू असताना स्क्रीनवर 'एचडी' दिसतं ते हेच. मात्र दोन्ही बाजूंचे फोन आणि मधलं नेटवर्क, तिघांनाही ते जमायला हवं. एका बाजूला टूजी किंवा जुनी लँडलाइन असेल तर आवाज पुन्हा जुन्या चौकटीत येतो.

करून बघा: मित्राला व्होल्टीईवर फोन लावा आणि 'साप, शाप, फाप' म्हणा. मग फोन टूजीवर टाकून तेच म्हणा. फरक लगेच कळेल.

आणि खोऱ्यातली रेंज?

भोर-वेल्ह्याच्या बऱ्याच गावांत आजही कॉल घ्यायला अंगणाच्या एका ठरावीक कोपऱ्यात नाहीतर खिंडीपर्यंत जावं लागतं. राजगडावर चढलं की धडाधड मेसेज येतात, खाली उतरलं की बंद. इथे तार नाही, पण प्रश्न पुपिन यांच्याच जातीचा आहे. मोबाइलच्या लहरी डोंगर भेदून येत नाहीत. म्हणून पुण्यातल्या टॉवरची शक्ती वाढवून गुंजवणीच्या खोऱ्यात रेंज येणार नाही, जसं ओरडून ट्रंक कॉल सुधारला नसता. खोऱ्यात योग्य जागी छोटा टॉवर हवा आणि त्याच्यापर्यंत फायबर किंवा डोंगरमाथ्यावरून मायक्रोवेव्हची जोडणी हवी.

फायबरचा हिशोबही करून टाकू. चांगल्या फायबरमध्ये गळती किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल. म्हणजे पुणे ते भोर ५० किलोमीटरला १० डेसिबल. वाटेत एकही कॉइल नाही, यंत्र नाही, तरी दहावा भाग पोचतो. वर त्यात एका कॉलऐवजी लाखो कॉल मावतात. काच इतकी शुद्ध करता येईल हे १९६६ मध्ये सांगणारे चार्ल्स काव हेही स्थलांतरितच: जन्म शांघायचा, काम इंग्लंडमध्ये. त्यांना २००९ चं नोबेल मिळालं.

पुपिन १९३५ मध्ये गेले. 'फ्रॉम इमिग्रंट टू इन्व्हेंटर' या त्यांच्या आत्मचरित्राला १९२४ चं पुलित्झर मिळालं होतं. जमिनीत खुपसलेल्या सुऱ्याची गोष्ट त्यातलीच. आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कोणत्या वाटेने जातो हे महत्त्वाचं, हे त्या पोराला कुरणात कळलं होतं. पुढच्या वेळी खोऱ्यात रेंज गेली की फोन हलवत बसू नका. आजूबाजूचे डोंगर बघा आणि टॉवर कुठल्या खिंडीतून दिसेल ते शोधा. आणि आजी ओरडली तर ओरडू द्या. तिच्या वेळची लाइनच तशी होती.